एकतीस सेकंदांचे डोळे

पहिल्या मापनाच्या दिवशी कोर्टाच्या साहेबाने टेबलावर गणपती आणून ठेवला आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

वीतभर उंचीची शाडूची मूर्ती. पितांबर, मुकुट, सोंडेवरची नक्षी, सगळं तयार. फक्त डोळे कोरे. माझं काम डोळ्यांचंच. आमच्या पेणमध्ये त्याला आखणी म्हणतात. कारखान्यात बाकीचा रंग कुणीही देतं, पण आखणीला एखाद-दुसराच माणूस बसतो, कारण ती चुकली की आख्खी मूर्ती वाया जाते. मी वीस वर्षं तेच केलं. माझ्या आधी बाबा करायचे.

माझ्या वकील मोहितेबाई. त्यांनी आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं, "हर्षालीताई, उद्या जे करायला देतील ते सावकाश करा. मुद्दाम चुका करा. तुमच्या मुलीची पोटगी त्या एका तासावर ठरणार आहे."

"हो हो, करते," म्हटलं मी. करते म्हणे! मला वाटलं होतं सुईत दोरा ओवायला लावतील, नाहीतर स्क्रू पिळायला. तिथे मी खुशाल वेंधळेपणा केला असता. पण समोर गणपती, हातात दोन केसांचा ब्रश, आणि मी त्याचे डोळे वाकडे काढू? ज्याने मला वीस वर्षं पोसलं त्याला तिरळा करू? जमलंच नाही हो. मी चप्पल काढली, श्वास धरला आणि रेघ ओढली. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका. मूर्ती माझ्याकडे बघायला लागली.

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, "एकतीस सेकंद. कमाल आहे बाई तुमची."

मी मूर्ख, लाजून हसले.

आठ दिवसांनी निकाल आला. माझी अर्जनक्षमता, म्हणजे मी कमावू शकते ती रक्कम, महिना दोन लाख दहा हजार. एका मुलीचा वाटा बावीस टक्के, म्हणजे शेहेचाळीस हजार दोनशे. माझी खरी कमाई वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला अडतीस हजार. आखणी मूर्तीमागे पैसे देते, आणि तेही हंगामापुरते. गणपती बसले की मी रिकामीच.

म्हणजे मी जेवढं कमावते त्याहून जास्त मी पोटगी द्यायची!

आता तुम्ही म्हणाल, असा कसला हा कायदा. तर तो काही वाकड्या बुद्धीने आलेला नव्हता. पूर्वी पगाराच्या कागदावरून पोटगी ठरायची आणि लोक कागद हवे तसे करून आणायचे. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने कोर्टात आठ हजार पगार दाखवला आणि बाहेर येऊन पंचवीस लाखांच्या गाडीत बसला. तिची दोन पोरं सरकारी शाळेच्या खिचडीवर वाढली. म्हणून नवा कायदा आला. माणूस किती कमावतो ते विचारूच नका, तो किती कमावू शकतो ते मोजा. आणि मोजायचं काम माणसाकडे नको, यंत्राकडे द्या, म्हणजे लाच नको की वशिला नको. कायदा झाला त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले होते. हसू नका.

यंत्राला कागदावर लांबलचक नाव आहे, पण कोर्टाच्या आवारात सगळे त्याला मापाडी म्हणतात. धान्याच्या बाजारात माप घालणारा असतो ना, तोच. तुमच्या हातावर कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक पातळ बाही चढवतात. बोट हलण्याआधी मेंदूचा हुकूम विजेच्या बारीक लहरीसारखा स्नायूपर्यंत येतो, तो ही बाही पकडते. हात किती स्थिर, किती वेगवान, नजर कुठे जाते, चूक झाली तर हात ती कशी सावरतो, सगळं मोजलं जातं. मग मापाडी ते जगभरातल्या नोकऱ्यांशी ताडून बघतो आणि त्यातली सगळ्यात जास्त पगाराची नोकरी शोधून काढतो.

माझ्या हाताला मापाडीने कोरियातली नोकरी शोधली होती. तिथे ऑपरेशन करणाऱ्या यंत्रांच्या हातांना माणसांचे हात शिकवतात. दिवसभर बाही घालून बारीक रेघा मारायच्या आणि यंत्राने त्या गिरवायच्या. करार तीन वर्षांचा, मध्ये सुट्टी नाही.

केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती.

केतकी माझी मुलगी. ती तिच्या बापाकडे राहते, नितेशकडे, पनवेलला. तो बंदरात क्रेन चालवायचा. आता क्रेन आपापल्या चालतात, हा घरी बसून पडद्यावर त्यांच्यावर नजर ठेवतो. मापाडीने त्याची क्षमता काढली एकोणीस हजार, म्हणून जवळजवळ सगळा भार माझ्यावर. तो दिवसभर घरी असतो आणि मी हंगामात चौदा-चौदा तास कारखान्यात, म्हणून कोर्टाने मुलगी त्याला दिली. मला रविवार दिला, सकाळी दहा ते पाच. आमचं लग्न मोडलं ते माझ्या तोंडापायी आणि त्याच्या मुखदुर्बळपणापायी. मी चार तास भांडायचे, तो एक शब्द बोलायचा नाही, आणि शेवटी मला वेड लागायची वेळ यायची. पण माणूस लबाड नाही. हे मी कोर्टातही सांगितलं होतं.

निकालानंतरच्या रविवारी तो केतकीला सोडायला आला तेव्हा दारातच थांबला.

"हर्षा, मी एवढे मागितले नव्हते गं."

"मग नको म्हणून लिहून दे!"

"दिलं. ते म्हणाले, पोटगी मुलीचा हक्क आहे, बापाला माफ करता येत नाही."

दोन महिने मी बांगड्या मोडून भरले. तिसऱ्या महिन्यात नितेशनेच तोड काढली. खात्यात शेहेचाळीस हजार आले की तो त्यातले तीस काढायचा आणि रविवारी केतकीच्या दप्तरात घालून पाठवायचा. पोर बिचारी वह्यांच्या मध्ये पाकीट घेऊन यायची आणि म्हणायची, "आई, पप्पांनी तुझं सामान दिलंय." त्या माणसाबद्दल मला इतकी माया लग्नात कधी वाटली नव्हती.

दोनच वेळा जमलं. मापाडीला दिसलं की मुलीच्या नावाचे पैसे नितेश रोख काढतोय आणि मुलीवर खर्च होत नाहीत. दोघांनाही नोटीस आली. त्यात लिहिलं होतं की पालकांनी संगनमताने मुलीच्या हक्काचे पैसे वळवले, पुन्हा झालं तर ताब्याचा फेरविचार होईल. ताब्याचा म्हणजे, तिला दोघांकडूनही काढून वसतिगृहात टाकतील. नितेशचा फोन आला. नेहमीचा गप्प माणूस, त्या दिवशी ढसाढसा रडला. मी त्याला धीर देत राहिले.

मी मोहितेबाईंच्या ऑफिसात गेले आणि टेबलावर हात आपटला.

"बाई, मला काय करायचं ते सांगा. भरायला पैसे नाहीत."

"तीन हप्ते थकले की तुम्हाला दोन पर्याय देतील," त्या म्हणाल्या. "कोरियाची नोकरी घ्या. नाही घेतली तर तुमची नोंद जाणूनबुजून जबाबदारी टाळणारी पालक अशी होईल आणि रविवार बंद होईल."

"नोकरी घेतली तरी रविवार बंदच ना! तीन वर्षं!"

त्यांनी माझी फाईल मिटली.

"फेरमापन मागा. या वेळी मी वाकडे डोळे काढीन. देवाची क्षमा मागीन आणि काढीन."

"फेरमापन जुलैत मिळेल, अर्ज केला की तोवर वसुली थांबते. पण ताई, आता नवीन बाही आली आहे. तुम्ही मुद्दाम चूक केलीत तर ती ओळखते. मेंदूचा पहिला हुकूम बरोबर रेघेचाच निघतो, मग तुम्ही तो अडवता आणि हात वाकडा नेता. तिला दोन्ही दिसतं. ती पहिला हुकूमच धरते. वर खोटेपणाचा दंड."

"म्हणजे खोटं बोलता येणार नाही."

"नाही. हाताला खरोखरच येत नसेल तरच."

त्यांना ते सहज सुचलं असेल. मी मात्र तिथे खुर्चीत बसूनच राहिले. मग विचारलं, "बाई, हाताला येतं म्हणजे नक्की काय होतं?"

त्यांनी डॉक्टरांच्या साक्षी ऐकलेल्या, त्यामुळे त्यांना माहीत होतं. एकच हालचाल हजारो वेळा केली की मेंदूत तिची वाट पडते, शेतातून माणसं जाऊन जाऊन पाऊलवाट पडते तशी. मग हुकूम आपोआप त्याच वाटेने जातो, विचार करावा लागत नाही. आणि तुम्ही जुनी वाट सोडून रोज दुसऱ्याच वाटेने चाललात तर जुनीवर गवत उगवतं.

"किती दिवसांत?"

"ताई, तुम्ही काय करायचं ठरवताय?"

"मला मार्च ते जुलै चार महिने आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी रमाकांतशेठना सांगितलं की आखणी सोडते, मला अंगरंगावर बसवा. शेठ कारखान्याचे मालक, माझ्या बाबांचे दोस्त. त्यांना वाटलं मला डोळ्यांचा त्रास होतोय. मी तसंच वाटू दिलं. वाळवणीच्या जागेजवळ बाद झालेल्या मूर्तींचा ढीग असतो, कान तुटलेल्या, सोंड गेलेल्या. त्यातली तोंडं मी गोळा केली. शाळेच्या पाटीवर, कागदावर, बाहुल्यांवर आधी करून बघितलं होतं, पण हात फसत नव्हता. कागदावर तो वाकडं काढायचा आणि गणपती समोर आला की सरळ. त्यामुळे गणपतीच लागणार होता. मी स्वतःची समजूत घातली की याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, ही नुसती माती आहे. समजूत काही पटली नाही, पण हात चालू केला.

रोज सकाळी कामाआधी शंभर आणि जेवणाच्या सुट्टीत शंभर. श्वास धरायचा नाही, मुद्दाम सोडायचा. पापणीच्या मध्यावर ब्रश दाबायचा. डावं बुबुळ नाकाकडे सरकवायचं. पहिले पंधरा दिवस एकेका रेघेला झटापट. हात बरोबर जायला निघायचा आणि मी त्याला ओढून वाकड्या जागी न्यायचे, हट्टी बैलाला न्यावं तसं. मापाडीला नेमकं हेच दिसलं असतं. म्हणून परत. तोंडं पांढऱ्या रंगात बुडवायची, वाळवायची, परत. माझ्यापुढे ओळीने तिरळे, रडवेले, झोपाळू गणपती बसलेले असायचे आणि मी त्यांना म्हणायचे, "माफ कर रे बाबा, माझ्या पोरीसाठी चाललंय."

मे महिन्यात शेठनी बघितलं. ते डबा खाऊन हात पुसत आले आणि त्या ओळीपुढे थांबले.

"हर्षे, हे काय गं?"

मी सगळं सांगितलं. शेठ मातीच्या पोत्यावर बसले. त्यांनी एक तोंड उचलून जवळून बघितलं.

"तुझ्या बापाने तुला किती वर्षं बसवलं होतं?"

"सहा."

"आणि तू चार महिन्यांत..." त्यांनी हातातलं तोंड ओळीत परत ठेवलं. मग एकदम चिडले, "अगं, मी देतो पैसे! दर महिन्याला!"

"ते माझी कमाई म्हणून धरतील, शेठ. क्षमता आणखी वाढेल."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि उठून गेले. त्या दिवसापासून बाद तोंडं मला शोधावी लागली नाहीत. सकाळी माझ्या जागेवर टोपली भरून ठेवलेली असायची.

जूनच्या शेवटी घाईचे दिवस आले. आखणीवर बसवलेला नवा माणूस तापाने पडला. बोटीने परदेशी जायच्या चाळीस मूर्ती कोऱ्या होत्या आणि टेम्पो दारात. शेठ अगदी काकुळतीने म्हणाले, "आजचा दिवस बस गं. एवढ्या चाळीस." नाही म्हणवेना. मी पहिली मूर्ती पुढे घेतली, आणि या वेळी काही खोटं करायचं नव्हतं. मी चप्पल काढली, श्वास धरला, मनापासून सरळ रेघ ओढली.

रेघ मध्यावर दाबली गेली. डावं बुबुळ नाकाकडे गेलं.

मी दुसरी घेतली. तीच गत. तिसरी घेतल्यावर शेठनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

मला आधी हसू आलं. जिंकले ना मी! मग मोरीत गेले, नळ सोडला आणि हात तोंडात कोंबून रडले. बाबा गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

जुलैत फेरमापन झालं. तोच साहेब, तसाच गणपती, नवी बाही. मी जीव ओतून डोळे काढले. खरंच सांगते, तिथे बसल्यावर मला परत लोभ सुटला. वाटलं, निघू दे एकदा सरळ, होऊ दे काय व्हायचं ते. नाही निघाली. पडद्यावर हुकूम आणि हालचाल एकमेकांवर तंतोतंत बसले. खोटेपणाचं नाव नाही.

साहेब पडद्याकडे आणि मूर्तीकडे आळीपाळीने बघत राहिला. "बाई, आठ महिन्यांत इतकी घसरण? मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा." त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून मी त्याला शिव्या दिल्या नाहीत.

नवी क्षमता चोवीस हजार. केतकीचा वाटा पाच हजार दोनशे ऐंशी. अंगरंगाच्या मजुरीतून भागणारा. कोरियाची नोकरी आपोआप रद्द झाली. रविवार राहिला. मोहितेबाईंनी फोनवर अभिनंदन केलं, मग त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण घाईने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी केतकी आली ती धावतच. मी तिला कारखान्यात घेऊन गेले. सुट्टी असल्याने कुणी नव्हतं. दारातून ऊन आत आलेलं, फळ्यांवर गणपतींच्या रांगा. ती फिरली, दोन-चार मूर्तींच्या कानात काहीतरी सांगून आली आणि एक बोटभर उंचीचा कोरा गणपती घेऊन माझ्यापुढे बसली.

"आई, याचे डोळे काढ ना. मी घरी नेणार."

"मला आता येत नाही, राणी."

"खोटं! तुला सगळ्यात मस्त येतात. पप्पा म्हणतात."

ब्रश तिनेच बुडवून दिला. मी एक डोळा काढला. केतकीने मान वाकडी करून बघितलं आणि खुदकन हसली. "आई, याला चष्मा लागणार!" मीही हसले. ती हसत होती ना, मग मला काही वाटून घ्यायचं नव्हतं. तिने ब्रश माझ्या हातातून घेतला. "थांब, दुसरा मी काढते. तू बाजूला सरक."

तिने पायातल्या चपला काढल्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, बहुतेक लहानपणी मांडीवर बसून बघितलं असेल. तिचे खांदे वर गेले आणि तिथेच राहिले, म्हणजे श्वास धरला होता. ब्रश टेकला आणि एका दमात वरची पापणी आली. खालची आली. बुबुळ बसलं. रेघ जरा जाड होती, ठिपका थोडा मोठा झाला होता, पण नजर होती. माझा काढलेला डोळा नाकाकडे बघत होता आणि तिचा सरळ माझ्याकडे.

 बाबांनी मला सहा वर्षं बसवून जे शिकवलं ते या पोरीच्या हातात न शिकवता आलं होतं. मी तिला छातीशी धरणार होते. खरंच धरणार होते.

"आई, जमलं ना? पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत मापन आहे, पाचवीच्या सगळ्यांचं. बाही घालतात. ज्यांचे हात छान येतात त्यांची नावं वर मापाडीकडे पाठवतात. मी हेच काढणार!"

 बाजूला ओलं फडकं पडलेलं होतं. मी ते उचललं आणि तिने काढलेला डोळा पुसून टाकला. दोनदा घासला. खालची माती दिसली.

केतकीचं तोंड उघडंच राहिलं. "आई! का पुसलास? छान आला होता!"

"नव्हता आला."

"आला होता! बघत होता तो!"

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात घट्ट धरले. ते इतके लहान होते, आणि इतके स्थिर. "केतू, माझ्याकडे बघ. शाळेत विचारलं तर सांगायचं, मला येत नाही. आणि इथे माझ्याजवळ बसून रोज, म्हणजे दर रविवारी, मी सांगते तसं काढायचं. मी शिकवते तुला."

"तुझ्यासारखं?"

"माझ्यासारखं."

"पण तुझा तर वाकडा येतो."

"तसाच काढायचा."

तिचे डोळे भरून आले. पण ती भांडली नाही. नितेशसारखी गप्प. मग तिने एका डोळ्याचा गणपती मांडीवर घेतला, ब्रश उचलला आणि विचारलं, "कुठे दाबू, आई?"

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दाखवलं.